शहरातल्या गच्चीवरून तेजोमेघ आणि दीर्घिकांचे फोटो: आधी काय घ्यावे?

शर्मिष्ठा_पुणे

नमस्कार मंडळी,

कोथरूडमध्ये राहते, इमारतीला मोकळी गच्ची आहे. आकाशदर्शनाची आवड शाळेपासूनची. नक्षत्रं ओळखता येतात, छोट्या दुर्बिणीतून गुरूचे चंद्र आणि शनीची कडी पाहून झाली आहेत. आता ओढ लागली आहे ती त्यापलीकडच्या गोष्टींचे फोटो स्वतः काढायची: मृगातला तेजोमेघ, देवयानी दीर्घिका, कृत्तिका, जमलंच तर धनु राशीतले तेजोमेघ.

हाताशी कॅनन १३००डी कॅमेरा, ५० मिमीची लेन्स, ५५-२५० ची झूम आणि बऱ्यापैकी दणकट तिपाई आहे. लाखभर रुपयांपर्यंत खर्च करता येईल. तीन रस्ते दिसतात. एक, आठ इंची मोठी दुर्बीण. दोन, छोटी दुर्बीण पण चांगला माउंट, म्हणजे दुर्बीण पेलून ताऱ्यांमागे फिरवणारा आधार. तीन, हल्ली मिळते ती स्मार्ट दुर्बीण, जी सगळं आपलं आपण करते.

अडचणी अशा. उत्तरेला शेजारची उंच इमारत आहे, त्यामुळे ध्रुवतारा दिसत नाही. आणि आकाश पुण्याचं: कृत्तिकेत नुसत्या डोळ्यांनी चार तारे दिसले तर रात्र चांगली म्हणायची.

"अंधाऱ्या जागी जा" हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो चुकीचा नाही, पण नोकरी आणि घर सांभाळून दर अमावास्येला भंडारदऱ्याला जाणं मला शक्य नाही. माझं मत असं की जो छंद घरच्या गच्चीवर करता येतो तोच टिकतो. तर शहरातून हे खरोखर जमतं का, आणि आधी काय घ्यावं?

ध्रुवमत्स्य

जमतं. आणि आधी माउंट घ्या. दुर्बिणीचा विचार त्यानंतर.

कारण सांगतो. पृथ्वी फिरते म्हणून तारे सेकंदाला सुमारे १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतात. आता तुमच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल आकाशाचा केवढा तुकडा पाहतो ते काढू. सूत्र सोपं आहे: २०६.२६५ गुणिले पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, भागिले नाभीय अंतर (फोकल लेंथ) मिलिमीटरमध्ये. १३००डीचा पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा. २५० मिमीच्या लेन्सवर एका पिक्सेलला साडेतीन विकला येतात. म्हणजे वैषुविकवृत्ताजवळचा तारा पाव सेकंदात एक पिक्सेल ओलांडतो. ७५० मिमीच्या दुर्बिणीवर हाच आकडा १.२ विकलांच्या जवळ जातो. अशा वेळी तीन-तीन मिनिटांचं एक्स्पोजर घ्यायचं तर माउंटने ताऱ्यामागे किती अचूक फिरलं पाहिजे ते बघा.

आठ इंची डॉबसोनियन डोळ्यांनी बघायला सुरेख. पण ती वर-खाली आणि डावी-उजवीकडे हाताने फिरवायची असते, लांब एक्स्पोजरला उपयोगी नाही. तुम्हाला विषुववृत्तीय माउंट हवा, ज्याचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर लावता येतो. आणि माउंटवर जेवढं वजन चालेल असं कंपनी सांगते, त्याच्या निम्म्याच्या आसपास ठेवा. कंपनीचा आकडा बघण्यासाठी पुरतो, फोटोसाठी नाही.

गोलमाल_गुच्छ

+१. माउंट, माउंट आणि माउंट.

करवीरकर

वरच्यांशी असहमत. गणित बरोबर आहे, पण ताईंनी आत्ता एक रुपयाही खर्च करू नये असं माझं म्हणणं आहे.

५० मिमीची लेन्स तिपाईवर लावा. छिद्र एफ २, आयएसओ १६००, एक्स्पोजर ५ सेकंद. एवढ्यात तारे फारसे लांबत नाहीत. कॅमेऱ्याला तारेने जोडायचा, आपोआप बटण दाबणारा छोटा टायमर मिळतो, तो लावा आणि मृगाचे ६०० फोटो काढा. अधूनमधून तिपाई थोडी सरकवून मृग मध्यात आणायचा. मग डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल ही मोफत सॉफ्टवेअर हे सगळे फोटो ताऱ्यांवर जुळवून एकमेकांवर रचतात. थेंबे थेंबे तळे साचे हे इथे शब्दशः खरं आहे. संदेश (ताऱ्यांचा प्रकाश) बेरजेने वाढतो, गोंगाट (फोटोतली खरखर) वर्गमुळाने. शंभर फोटो रचले की गोंगाटाच्या तुलनेत चित्र दहापट स्वच्छ.

आता हिशोब करा. ५ सेकंदांचे ६०० म्हणजे ५० मिनिटे. हेन्री ड्रेपरने ३० सप्टेंबर १८८० रोजी मृगाच्या तेजोमेघाचा जगातला पहिला फोटो काढला तो ११ इंची दुर्बिणीतून, ५१ मिनिटांच्या एक्स्पोजरने. तुमच्या हातातल्या कॅमेऱ्याचा संवेदक त्या काचेच्या प्लेटपेक्षा कित्येक पटींनी जास्त प्रकाश टिपतो. म्हणून म्हणतो, पहिला मृग तिपाईवर होऊ द्या.

देवयानीसुद्धा अशीच येते. ती आकाशात सुमारे तीन अंश पसरली आहे, पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीने ठेवल्यासारखी. ५० मिमीवर ती सहाशे पिक्सेल लांब भरते. शहरातून बाहेरचे हात दिसणार नाहीत, गाभा आणि त्याभोवतीचा लंबगोल मात्र नक्की दिसेल.

शर्मिष्ठा_पुणे

@करवीरकर, हे माहीतच नव्हतं! मी समजत होते की एकच फोटो तासभर उघडा ठेवतात. टायमर आहे घरी. या शनिवारी करून बघते.

@ध्रुवमत्स्य, सूत्र वहीत उतरवून घेतलं. माउंटचं पटलं, पण ध्रुवतारा दिसत नसताना तो लावायचा कसा?

निशाचर

ध्रुवाचं उत्तर द्यायला इथे माझ्यापेक्षा जाणकार आहेत. मी आकाशाच्या उजेडाबद्दल बोलतो, कारण शहरात निम्मी लढाई तीच आहे.

जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये आकाशाच्या काळोखाची १ ते ९ अशी मापपट्टी मांडली. १ म्हणजे निखळ काळोख, ९ म्हणजे महानगराचा मध्य. कोथरूड ८ किंवा ९ मध्ये बसेल. शहराचं आकाश चांगल्या अंधाऱ्या जागेपेक्षा तीन प्रतींनी (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप) उजळ धरलं, तर पार्श्वभूमी जवळजवळ १६ पट उजळ झाली. दीर्घिकेच्या बाबतीत याचा सरळ अर्थ असा की भंडारदऱ्याला एका तासात जे मिळेल ते मिळवायला पुण्यात सोळा तास लागतील. अशक्य नाही, चार-पाच रात्री लावायच्या आणि सगळे फोटो एकत्र रचायचे.

तेजोमेघांचं गणित मात्र वेगळं. मृग, रोझेट, खारकच्छ हे तेजोमेघ स्वतः प्रकाशतात, आणि तेही मोजक्या तरंगलांबींवर. हायड्रोजनची लाल रेषा ६५६.३ नॅनोमीटरला, ऑक्सिजनची हिरवट रेषा ५००.७ ला. ड्युअल नॅरोबँड फिल्टर एवढ्या दोनच अरुंद खिडक्या उघड्या ठेवतो आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा बहुतेक उजेड बाहेर ठेवतो. शहरातून तेजोमेघ काढायचे तर यासारखं साधन नाही.

जुने "प्रकाशप्रदूषण फिल्टर" घेऊ नका. ते पिवळ्या सोडियम दिव्यांच्या काळातले. पांढऱ्या एलईडीचा उजेड निळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळीकडे पसरलेला असतो, तो गाळता येत नाही. आणि दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचाच प्रकाश, तोही सगळीकडे पसरलेला, त्यामुळे तिला कुठलाच फिल्टर फारसा वाचवू शकत नाही.

एक गोष्ट मात्र आधी सांगून ठेवतो. साध्या डीएसएलआरमध्ये संवेदकापुढे जी काच असते ती नेमकी तीच लाल रेषा बरीचशी अडवते. मृग इतका तेजस्वी की चालून जातो. रोझेटसाठी ती काच काढून घेतलेला कॅमेरा किंवा खास खगोल कॅमेरा लागतो.

सदूकाका

अवांतर होईल, पण निशाचर यांनी ५००.७ चा उल्लेख केला आणि राहवलं नाही.

ही रेषा आणि पुणे यांचं जुनं नातं आहे. १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. भावनगरच्या महाराजांनी देणगी दिली होती म्हणून त्यांचं नाव. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे प्रमुख. त्यांच्याकडे ग्रब कंपनीची २० इंची परावर्ती दुर्बीण होती, त्या काळातली भारतातली सर्वांत मोठी. तिच्यातून त्यांनी मृगाच्या तेजोमेघाच्या वर्णपटातल्या मुख्य हिरव्या रेषेचा अभ्यास केला आणि १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात तो छापून आला.

ती रेषा विल्यम हगिन्स यांना १८६४ मध्ये दुसऱ्या एका तेजोमेघात प्रथम दिसली होती. कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून "नेब्युलियम" नावाचं नवं मूलद्रव्य कल्पलं गेलं. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं की तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजनच आहे. तेजोमेघातला वायू इतका विरळ की पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत सहसा न दिसणारी ही रेषा तिथे ठळक होते.

नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी सोलापूर जिल्ह्यात जेऊरला घेतले होते, तो वेगळ्या धाग्याचा विषय. शर्मिष्ठाताई, तुम्ही कोथरूडहून मृगाचा फोटो त्या फिल्टरने घ्याल तेव्हा शिवाजीनगरच्या त्या माणसाने मोजलेलीच रेषा टिपत असाल. पुणेकरांना हे ठाऊक असायला हवं.

गोलमाल_गुच्छ

सदूकाका, दंडवत. सीओईपीत चार वर्षं शिकलो, आज कळलं. जेऊरचा धागा काढाच.

खाडीपलीकडे

ठाण्याहून लिहितेय. तिसऱ्या रस्त्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

आमच्याकडे सीस्टार एस ५० आहे. ५० मिमीचं भिंग, २५० मिमी नाभीय अंतर, आत कॅमेरा, ड्युअल बँड फिल्टर आणि संगणक. बाल्कनीत ठेवायची, फोनवर नाव निवडायचं. ती आकाशाचा फोटो घेऊन ताऱ्यांच्या मांडणीवरून आपण कुठे बघतोय ते ओळखते, वस्तू मध्यात आणते आणि १० सेकंदांचे फोटो घेऊन रचत जाते.

बाबांना गुडघ्यांमुळे गच्ची चढवत नाही. ते आत पलंगावर टॅबलेट घेऊन बसतात आणि रोझेट मिनिटामिनिटाला उजळत जाताना बघतात. आयुष्यभर पंचांग बघणारा माणूस, पण शृंगाश्वात असं काही फूल उमललेलं आहे हे त्यांनी ऐंशीच्या घरात पाहिलं. हे मला कुठल्याही माउंटपेक्षा मोलाचं वाटतं. ज्यांना वेळ कमी, जागा कमी, त्यांनी हीच घ्यावी.

निशाचर

@खाडीपलीकडे, बाबांना नमस्कार सांगा. आनंदाबद्दल वाद नाही. पण ताईंनी विचारलंय "फोटो स्वतः काढायची ओढ". स्मार्ट दुर्बिणीत निर्णय यंत्र घेतं. फोकस तिचा, एक्स्पोजर तिचं, जुळवणी तिची. शिकण्याचा जो भाग आहे तोच निघून जातो. शिवाय दुर्बीण, कॅमेरा सगळं एकत्र बांधलेलं, उद्या त्यातला एक भाग बदलावा म्हटलं तर बदलता येत नाही.

खाडीपलीकडे

@निशाचर, सुटे फोटो तिच्यातून बाहेर काढता येतात. मी ते सिरिलमध्ये स्वतः रचते, पार्श्वभूमीचा उजेड ग्रॅक्सपर्ट या सॉफ्टवेअरने काढते, रंग स्वतः ठरवते. शिकण्याचा मोठा भाग प्रक्रियेत असतो आणि तो माझाच आहे. फोकसचं चाक हाताने फिरवलं नाही म्हणून फोटो परका होत नाही.

ध्रुवमत्स्य

दोघांचंही पटतं. एक तांत्रिक भर: ही दुर्बीण मुळात वर-खाली आणि आडवी फिरणारी. तारे मात्र ध्रुवाभोवती फिरतात, त्यामुळे चित्र हळूहळू गोल वळतं आणि कडा वाया जातात. कृत्तिका आपल्या अक्षांशावर जवळजवळ डोक्यावर येतात, ८४ अंशांपर्यंत. तिथे असल्या माउंटची सर्वांत जास्त तारांबळ उडते. पाचरीवर तिरकी बसवून ती विषुववृत्तीय पद्धतीने चालवण्याची सोय २०२५ मध्ये आली, त्याने हे बरंच सुटतं.

आता ध्रुवाचा प्रश्न. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर, त्यामुळे शहरातल्या अर्ध्या गच्च्यांवरून तो दिसतच नाही. आणि तो नेमका ध्रुवावर नाहीच, अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे. हल्ली एनआयएनए या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तीन बिंदूंची पद्धत आहे. माउंट एका अक्षावर थोडा थोडा फिरवत आकाशाचे तीन फोटो घ्यायचे. प्रत्येक फोटोतल्या ताऱ्यांवरून दिशा मोजली जाते, त्यावरून माउंटचा अक्ष ध्रुवापासून किती चुकला ते पडद्यावर दिसतं. मग बोल्ट फिरवून चूक शून्याकडे न्यायची. ध्रुवतारा दिसण्याची गरजच नाही. संगणक नको असेल तर जुनी ड्रिफ्ट पद्धत आहे (तारा कुठे सरकतो ते बघून अक्ष सुधारायचा), तिला वेळ लागतो पण ती चोख.

साडेअठरा अंशांची आणखी एक पंचाईत: अक्ष इतका आडवा होतो की काही माउंटची तोलवजनं तिपाईच्या उत्तरेकडच्या पायाला अडतात. घेण्याआधी तो माउंट आपल्या अक्षांशावर नीट चालतो का हे विचारा. माउंट आणि तिपाईमध्ये छोटा उंचवटा मिळतो, त्याने काम होतं.

देवगडी

किनाऱ्यावरून दोन गोष्टी. आमच्याकडे आकाश अजून काळं आहे, पण ओलावा फार. नोव्हेंबरपासून रात्री दहानंतर भिंगावर दव धरतं. भिंगाभोवती गुंडाळायची १२ व्होल्टची गरम पट्टी घ्याच, पुण्यातही लागेल. दव बसलं की फडक्याने पुसू नका, भिंगावरचा लेप जातो.

दुसरं, पावसाळा. जून ते सप्टेंबर सामान पेटीत बंद असतं आणि तेव्हाच भिंगाला बुरशी लागते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत आर्द्रता दाखवणारा छोटा काटा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून परत टाकायचं. कॅमेऱ्याची चामडी पिशवी त्या डब्यात ठेवू नये, चामडं ओल धरून ठेवतं.

थेम्सकाठी

लंडनहून वाचतोय आणि पुण्याच्या गच्चीचा हेवा करतोय, हे अगदी मनापासून.

माझ्याकडे परसदार आहे, माउंट कायमचा खांबावर बसवलेला आहे. पण धनु राशीतला खारकच्छ, म्हणजे एम ८, इथून जास्तीत जास्त १४ अंश वर येतो, छपरांच्या वर जेमतेम. पुण्यात तो ४७ अंशांवर असतो. ओमेगा सेंटॉरी हा नरतुरंगातला सर्वांत भव्य गोलाकार तारकागुच्छ इथे उगवतच नाही. तुमच्याकडे तो दक्षिणेला २४ अंश चढतो. आणि मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापुढेपर्यंत लंडनला खगोलीय अर्थाने पूर्ण रात्रच होत नाही.

परसातून काय होऊ शकतं त्याचं इथलं उदाहरण देतो. १८८८ मध्ये आयझॅक रॉबर्ट्स या लिव्हरपूलच्या बांधकाम व्यावसायिकाने स्वतःच्या २० इंची दुर्बिणीतून देवयानीचा फोटो घेतला आणि तिची सर्पिल रचना प्रथमच दिसली. ती आपल्याच जवळ घडत असलेली सूर्यमाला आहे असं त्याला वाटलं. पुढे १९२३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने तिच्यात सेफीड तारा (ज्याच्या कमी-जास्त होणाऱ्या तेजावरून अंतर काढता येतं असा) शोधला आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेरची आहे हे सिद्ध व्हायला सुरुवात झाली. अर्थ नंतर कळला, फोटो हौशी माणसाचा होता.

करवीरकर

@थेम्सकाठी, धनु ४७ अंशांवर येतो खरा, पण रात्री बारा वाजता सर्वांत उंच येतो तो जूनच्या अखेरीला, आणि तेव्हा डोक्यावर ढग. आपल्याकडे एप्रिलमध्ये पहाटे चार वाजता उठून किंवा मे महिन्यात दोन-तीनच्या सुमाराला तो गाठावा लागतो. वळीव आला तर तेही नाही.

ताईंसाठी वर्षाचा ढोबळ क्रम: नोव्हेंबरअखेर रात्री नऊला देवयानी माथ्याजवळ. जानेवारीअखेर दहाच्या आत मृग, त्याच्यामागे रोझेट. मार्च-एप्रिल दीर्घिकांचे महिने, पण पुण्यातून त्या अवघड. त्याऐवजी मेच्या मध्यात साडेदहाच्या सुमाराला ओमेगा सेंटॉरी. गोलाकार तारकागुच्छ शहराच्या उजेडातही छान येतात, कारण ते ताऱ्यांचे बिंदू असतात, पसरट धूसर ढग नसतात. शौरीतला एम १३ पण तसाच.

चिकित्सक

प्रश्न विचारतो, राग नसावा. डोळ्याला मृगाचा तेजोमेघ राखाडी दिसतो. मग फोटोतले गुलाबी-निळे रंग कुठून येतात? संगणकावर रंगवलेलेच ना? आणि हबल, जेम्स वेब या अवकाश दुर्बिणींचे अप्रतिम फोटो फुकट उपलब्ध असताना लाख रुपये घालून त्यांच्यापेक्षा धूसर फोटो काढण्यात काय हशील?

निशाचर

पहिल्याचं उत्तर. अंधारात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही, आणि लाल प्रकाश तर त्यांना जवळजवळ दिसतच नाही. रंग तिथे आहे, डोळा कमी पडतो. कॅमेरा तोच प्रकाश तासन्‌तास साठवतो. आपण संगणकावर करतो ते मुख्यतः ताणणं: अंधुक भाग उजळ करायचा, तेजस्वी भाग जळू द्यायचा नाही. साध्या कॅमेऱ्याच्या फोटोत लाल हा हायड्रोजनचाच असतो. नॅरोबँडमध्ये कुठल्या वायूला कुठला रंग द्यायचा हे आपण ठरवतो, आणि ते फोटोखाली लिहिणं हा शिष्टाचार आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची काही साधनं नसलेले तपशील रंगवून देतात, ती मी वापरत नाही आणि कुणी वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ध्रुवमत्स्य

दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडून. देवयानी ही जगातली बहुधा सर्वांत जास्त फोटो काढलेली दीर्घिका. मोठमोठ्या दुर्बिणींनी तिचा कोपरा न् कोपरा पाहिलेला. तरीही २०२२ मध्ये यान सेंटी, झेवियर स्ट्रॉटनर आणि मार्सेल ड्रेक्सलर या हौशी मंडळींना तिच्या शेजारी एक भलामोठा निळसर कमानीसारखा तेजोमेघ सापडला, जो त्याआधी कुणाच्या लक्षात आला नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये शोध जाहीर झाला. दुर्बीण होती १०६ मिमीची, म्हणजे चार इंचांच्या थोडी वर. शंभर तासांहून जास्त एक्स्पोजर. आणि फिल्टर कुठला? ऑक्सिजनचा, ५००.७ चा.

हबलचं दृष्टिक्षेत्र इतकं लहान की देवयानी एका फोटोत मावतच नाही. आणि एका जागी रात्रीमागून रात्र टक लावून बसायला व्यावसायिक दुर्बिणींना वेळ मिळत नाही. तो वेळ आपल्याकडे आहे. मे २०२३ मध्ये एम १०१ या दीर्घिकेतला अतिनवतारासुद्धा (स्फोट होऊन उजळलेला तारा) जपानच्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकाने शोधला.

सदूकाका

नायगमवालांची रेषा परत आली! ध्रुवमत्स्य, हे सांगितलंत, फार बरं वाटलं.

चिकित्सक

निशाचर, ध्रुवमत्स्य, समाधान झालं. मनापासून आभार. मुलाला वाचायला दिलंय.

वैदर्भीय

नागपूरकरांसाठी आणि इतरांसाठीही: जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला महाराष्ट्राच्या बाजूने डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतात पहिल्यांदाच. लडाखचं हानले त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालं, पण ते डार्क स्काय रिझर्व्ह आणि इथून दूर. वर्षातून एकदा मुलांना घेऊन पेंचला या. घरच्या गच्चीवर तेजोमेघ आणि वर्षातून एकदा तिकडे दीर्घिका, अशी वाटणी मला पटते.

खाडीपलीकडे

सोसायटीचं कुणी लिहिलं नाही. गच्चीची किल्ली, वॉचमन, समोरच्या इमारतीतल्या लोकांचा संशय. दुर्बीण आपल्या खिडकीवर रोखली आहे असं कुणाला वाटलं तर त्यांना वर बोलवून चंद्र दाखवावा. आमच्याकडे तसंच झालं, आता तीच मंडळी गच्चीवरचा हॅलोजन दिवा नऊनंतर बंद करतात.

गोलमाल_गुच्छ

सेक्रेटरींना शनी दाखवा, किल्ली कायमची मिळेल. ज्योतिषाने सांगितलेला शनी आणि हा शनी एकच हे कळल्यावर तर विशेष :)

ध्रुवमत्स्य

गच्चीचं अजून दोन ओळी. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडतो आणि हवा हलते, तारे फुगतात. उन्हाळ्यात महत्त्वाचे फोटो उशिरा घ्या. तिपाई पाण्याच्या टाकीच्या पंपापासून लांब ठेवा, पंप सुरू झाला की प्रत्येक तारा आठच्या आकड्यासारखा दिसतो. उत्तरेची इमारत वाऱ्याला आडोसा देत असेल तर तिचा तेवढा फायदा घ्या.

शर्मिष्ठा_पुणे

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. शनिवारी करवीरकरांनी सांगितल्याप्रमाणे मृग केला. ६०० नाही, ढग आल्यामुळे त्याच्या निम्मे झाले असतील. सिरिलमध्ये रचले आणि ताणले तेव्हा पडद्यावर गुलाबी पंख उघडले. मुलगी शेजारी बसली होती, तिने विचारलं की हे आपल्या गच्चीवरचंच आहे का. काय सांगू किती आनंद झाला.

आता ठरवलं आहे: मोठी दुर्बीण नाही. आधी माउंट, त्यावर सध्या माझीच २५० ची लेन्स, मग छोटी अपवर्ती (भिंगाची) दुर्बीण, आणि त्यानंतर फिल्टर आणि काच काढलेला कॅमेरा. क्रम बरोबर आहे ना? आणि फोटोत चारही कोपरे काळवंडलेले आणि मध्ये तीन-चार गोल डाग आहेत. पुसले तरी जात नाहीत. ते काय?

ध्रुवमत्स्य

क्रम उत्तम. माउंटसोबत गायडिंगचा, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला सावरणारा, छोटा कॅमेरा पुढे-मागे लागेल, तेवढे पैसे बाजूला ठेवा.

ते डाग संवेदकावरच्या धुळीचे, आणि काळवंडलेले कोपरे लेन्सचे. शहरातल्या उजळ पार्श्वभूमीवर ताणलं की दोन्ही फार उठून दिसतात. त्यावर उपाय फ्लॅट फ्रेमचा. लेन्सच्या तोंडावर पांढरा सुती कपडा सुरकुती न पडता ताणून बांधा आणि संध्याकाळच्या आकाशाकडे रोखा, किंवा टॅबलेटवर कोरा पांढरा पडदा लावून समोर धरा. एक्स्पोजर असं ठेवा की हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा) डोंगर मधोमध येईल. २०-३० फोटो घ्या. फोकस आणि छिद्र रात्रीच्या फोटोंसारखंच ठेवायचं आणि लेन्स काढायची नाही, म्हणून रात्रीचं काम संपल्या संपल्या टॅबलेट वापरून घेतलेले बरे. सिरिलला हे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये दिले की तो भागाकार करून डाग काढतो.

करवीरकर

आणि निघण्याआधी लेन्सला टोपण लावून तेवढ्याच ५ सेकंदांचे, त्याच आयएसओचे वीसेक डार्क (कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट वजा करायचे काळे फोटो) पण घ्या. कॅमेरा त्याच तापमानाला असताना घ्यायचे, सकाळी खोलीत घेतलेले चालत नाहीत. मृगाचा फोटो इथे टाका, वाट बघतोय.